बसरा मोत्याची पारख

मोत्याचा दागिना सराफाच्या पेढीवर काढला की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोती खरे आहेत ना? या एका प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. मोती काचेचा किंवा प्लॅस्टिकचा तर नाही, हा पहिला. तो माणसाने शिंपल्यात मणी घालून पिकवलेला आहे की समुद्रात आपोआप झालेला, हा दुसरा. आणि आपोआप झालेला असला तरी मोती म्हणून तो चांगला आहे का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर कुठलाही जाणता सराफ क्षणात देतो. दुसऱ्याचे उत्तर आज खात्रीने फक्त प्रयोगशाळा देऊ शकते. तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र हल्ली फारसे कोणी वळत नाही. ‘नैसर्गिक’ असे लिहिलेला कागद हातात पडला की पारख संपली, असे धरले जाते. माझ्या मते पारख तिथून सुरू होते, आणि खाऱ्या पाण्यातल्या नैसर्गिक मोत्यांचा हा आढावा त्याच बाजूने घेतला आहे.

आधी मोती होतो कसा ते पाहू. स्वाती नक्षत्रातला पावसाचा थेंब शिंपल्यात पडतो आणि त्याचा मोती होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आखाती अरबांमध्येही पावसाच्या थेंबाचीच गोष्ट सांगत, आणि रोमन लेखक प्लिनीने दवाच्या थेंबाची सांगितली. पुढे थेंबाच्या जागी वाळूचा कण आला आणि तो अजून पुस्तकांतून हललेला नाही. पण मोत्याचा शिंपला राहतोच समुद्राच्या तळाशी. वाळूचे कण आत येणे आणि ते बाहेर टाकणे हा त्याचा रोजचा व्यवहार आहे. मोत्याचे निमित्त बहुधा शिंपला पोखरणारा एखादा जीव, परजीवी किंवा माशाने केलेली जखम असते. अशा वेळी प्रावाराच्या, म्हणजे शिंपला घडवणाऱ्या मऊ त्वचेच्या काही पेशी आतल्या मांसात ढकलल्या जातात. शिंपल्याला आतून चमकता थर देणे हेच या पेशींचे काम असते आणि जागा बदलली तरी त्या ते सोडत नाहीत. त्यांची एक पिशवी तयार होते आणि पिशवीच्या आत थरावर थर चढत राहतात. बाहेरचा कण असो वा नसो, या पेशींवाचून मोती होत नाही. जपानी कल्चर, म्हणजे पिकवलेल्या, मोत्याचे सगळे तंत्र या एका गोष्टीवर उभे आहे. तिथे मण्यासोबत दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावाराचा छोटा तुकडा शिंपल्यात ठेवतात.

हा चमकता थर, ज्याला जवाहिरे नेकर म्हणतात, तो कॅल्शियम कार्बोनेटच्या ॲरागोनाइट नावाच्या रूपाचा बनलेला असतो. त्याच्या सूक्ष्म चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि कॉन्किओलिन हे सेंद्रिय द्रव्य त्यांना जोडून ठेवते. एकेका चकतीची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या लहरींच्या मापाचीच. मोत्याचे सगळे सौंदर्य या योगायोगात आहे. प्रकाशाचा काही भाग पृष्ठावरून परततो, काही आत शिरून खालच्या थरांवरून परततो, आणि हे परतलेले किरण एकमेकांत मिसळून कुठे वाढतात, कुठे रंगांत फुटतात. म्हणून चांगल्या मोत्याचे तेज वरून चोपडल्यासारखे दिसत नाही. ते आतून उमटते.

जवाहिऱ्यांच्या बोलीत या तेजाला पाणी म्हणतात, आणि मोत्याच्या गुणांत पाण्याचा क्रम पहिला. ते पाहायची पद्धत सोपी आहे. मोती पांढऱ्या, बिनचमकीच्या कापडावर ठेवायचा आणि खिडकीच्या उजेडात त्यात उमटणारे प्रतिबिंब पाहायचे. खिडकीची चौकट रेखीव दिसली तर पाणी उत्तम. कडा विरघळल्यासारख्या दिसल्या तर मध्यम. नुसताच पांढुरका डाग दिसला तर मोती खडूसारखा आहे, मग तो कुठल्याही समुद्रातला असो. दुकानातल्या पिवळ्या स्पॉटलाइटखाली ही पारख करू नये, तिथे सगळेच मोती देखणे दिसतात. पाण्याच्या जोडीला झाक असते. मोती फिरवला की पृष्ठावर गुलाबी, हिरवट, निळसर छटा सरकत जातात, ती झाक. पाणी आणि झाक दोन्ही असलेला मोती दुर्मीळ, आणि जुन्या आखाती मोत्यांची कीर्ती झाली ती या जोडीमुळे.

नैसर्गिक मोत्यात हे थर, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, पृष्ठापासून जवळपास केंद्रापर्यंत जातात. जपानच्या अकोया मोत्यात मधोमध गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचा कातलेला गोल मणी असतो आणि त्यावर नेकरचा थर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. त्यावरून नैसर्गिक मोती नेहमीच अधिक तेजस्वी, असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. तो बरोबर नाही. धारदार चमक वरच्या काही थरांच्या रेखीव रचनेवर ठरते, आणि उत्तम अकोया मोत्याची चमक सामान्य बसरा मोत्याला सहज मागे टाकते. फरक पडतो तो खोलीत. पूर्ण नेकरचा चांगला मोती किंचित अर्धपारदर्शक असतो, त्याचे तेज पृष्ठावर थांबत नाही आणि मोती फिरवला तरी कुठल्याही बाजूने सपाट वाटत नाही. पातळ थराचा कल्चर मोती उजेडासमोर सावकाश फिरवला तर आतल्या मण्याचे पट्टे मधूनच लुकलुकतात. एकदा हा फरक डोळ्यात भरला की तो विसरता येत नाही. पण तो डोळ्यात भरण्यासाठी दोन्ही मोती शेजारी शेजारी पाहावे लागतात, आणि आज तशी संधी फार थोड्यांना मिळते.

आपण ज्याला बसरा मोती म्हणतो तो इराकच्या बसरा शहराचा मोती नव्हे. बसरा ही व्यापाराची पेठ. मोत्यांच्या शिंपल्यांचे तळ होते बहरीन, कतार, कुवेत आणि आजच्या अमिरातींच्या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात, आणि त्यांत बहरीनचा मान सर्वांत मोठा. तिथला शिंपला पिंक्टाडा रेडिएटा, आकाराने लहान. त्यामुळे मोतीही लहान. बहुतेक काही मिलिमीटरचे, आणि 8 मिलिमीटरच्या पुढचा गोल मोती म्हणजे मोठी घटना. रंग दुधाळ पांढरा, साईसारखा, कधी फिकट पिवळसर, वर गुलाबी झाक. भारत आणि श्रीलंकेच्या मधल्या मन्नारच्या आखातातही याच कुळातला शिंपला आहे. तमिळनाडूतले कोरकई हे प्राचीन बंदर आणि नंतर तुतिकोरिन ही तिथल्या मोत्यांची केंद्रे. भारतीय किनाऱ्यावर मोत्यांसाठी शेवटची मोठी बुडी-मोहीम 1961 साली झाली, त्यानंतर शिंपल्यांचे तळ पुरेसे भरलेच नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा पिंक्टाडा मॅक्सिमा मोठा, त्याचे मोती रुपेरी किंवा सोनेरी. पॅसिफिकमधला काळ्या ओठांचा शिंपला करडे-हिरवे मोती देतो. पनामा आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात युरोपात मोत्यांच्या राशी नेल्या. शंखातून मिळणारे गुलाबी कॉन्क मोती आणि नारिंगी मेलो मोतीही खाऱ्या पाण्यातले आणि नैसर्गिकच, पण त्यांत नेकर नसते. त्यांची पारख वेगळी आणि तो विषयही वेगळा.

मोत्याचे गुण कोणते, याची यादी करण्यात भारतीय ग्रंथ जगाच्या खूप पुढे होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मोत्यांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात हत्ती, साप, ढग, बांबू अशा काल्पनिक उगमांसोबत सिंहल, ताम्रपर्णी, सौराष्ट्र अशी खरी ठिकाणेही येतात. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते कौटिल्याचे अर्थशास्त्र. राज्याच्या कोशात कोणती रत्ने घ्यावीत हे सांगताना तो उत्तम मोत्याची लक्षणे मोजतो: मोठा, गोल, सपाट बूड नसलेला, झळाळता, पांढरा, वजनदार, स्निग्ध आणि योग्य जागी वेज, म्हणजे भोक, पाडलेला. लगेच पुढे सदोष मोतीही येतात. मसुराच्या आकाराचे, कासवासारखे, अर्धचंद्राकार, जुळे, खरबरीत, डागाळलेले, काळपट आणि वेज चुकलेले. आज आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळा आकार, गोलाई, रंग, चमक, पृष्ठ, नेकरची प्रत आणि जोड अशा कसोट्या लावतात. कौटिल्याच्या यादीपेक्षा त्यांत नवे असे फार थोडे आहे.

यातला ‘वजनदार’ हा गुण विचार करण्यासारखा आहे. घट्ट नेकरचा मोती त्याच्या आकाराच्या मानाने जड लागतो. आत पोकळी असेल किंवा सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर हलका. हातावर मोती तोलून पाहणारे जुने जवाहिरे नकळत त्याची घनताच मोजत असत.

‘पांढरा’ हा गुण मात्र आज जसाच्या तसा घेता येणार नाही. युरोपीय बाजाराला गुलाबीसर पांढरा मोती हवा असे. भारतीय नजर साईच्या, किंचित उबदार रंगावर ठरते, कारण आपल्याकडे मोती सोन्यात आणि सावळ्या अंगावर पाहायचा असतो. सपाट, निळसर पांढरेपणा दिसला तर उलट शंका घ्यावी. मोती धुवून पांढरा केलेला असण्याची शक्यता असते. रंगात खरी कसोटी एकसारखेपणाची आणि जिवंतपणाची आहे, पांढरेपणाची नव्हे.

गोलाईबद्दल लोकांची अपेक्षा कल्चर मोत्यांनी बिघडवली आहे. गोल मण्यावर थर चढवला की मोती गोल होणारच. पण ज्याला आत कुठलाही साचा नाही तो मोती तंतोतंत गोल होणे हे नवल आहे. नैसर्गिक मोत्यांच्या सरात किंचित लांबट, किंचित चपटे दाणे सापडणारच, आणि भिंगाखाली सगळे दाणे एकाच साच्यातले दिसले तर समाधान वाटण्याऐवजी संशय यावा. पृष्ठाचेही तसेच. सुईच्या टोकाएवढा खळगा, एखादी वलयरेषा हा दोष म्हणून भाव थोडा उतरवतो, पण मोत्याला हीन करत नाही. चीर, सोलपटणारा थर आणि खडूसारखी मृत जागा हे खरे दोष. त्यांवर उपाय नाही.

वेज हा गुण आज जवळजवळ विसरला गेला आहे. कौटिल्याने योग्य जागी वेज असण्याला गुण आणि चुकलेल्या वेजाला दोष म्हटले ते कारागिराच्या दृष्टीने. वेज मोत्याच्या नेमक्या मध्यातून, सर्वांत कमी देखण्या बिंदूवरून गेला तर सरातला प्रत्येक दाणा आपली चांगली बाजू दाखवतो. तिरपा गेला तर सर वाकडा पडतो. नैसर्गिक मोत्याचा भाव वजनावर ठरत असल्यामुळे जुने कारागीर हाताच्या कमानी सामत्याने अतिशय बारीक वेज पाडत. म्हणून जुन्या मोत्यांची भोके अरुंद असतात आणि त्यांत जाड दोरा जात नाही. भोकाच्या आत भिंगाने पाहिले तर कल्चर मोत्यात नेकर आणि मणी यांच्यातली रेषा अनेकदा दिसते. पूर्ण मोत्यात ती दिसत नाही, क्रमाने गडद होत जाणारे थर दिसतात.

आता जोड आणि भाव. मोत्याच्या व्यापाराने मोठ्या मोत्याच्या दुर्मीळपणाला एका सूत्रात बांधले. मुंबईच्या बाजारात नैसर्गिक मोत्यांचा भाव वजनावर सरळ ठरत नसे. तो ‘चव’ या मापावर ठरे. मोत्यांचे एकूण वजन रतीत घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, 55ने गुणून 96ने भागायचे आणि पुन्हा मोत्यांच्या संख्येने भागायचे. समजा 4 रतीचा एकच मोती आहे. 16 गुणिले 55 भागिले 96, म्हणजे सुमारे 9.17 चव. त्याच 4 रती वजनात चार मोती असतील तर उत्तर येते सुमारे 2.29 चव. वजन तेच, पण चव चौथा हिस्सा. प्रतीनुसार एका चवाचा भाव ठरे आणि त्याने गुणून किंमत निघे. युरोपातही ग्रेन वजनाच्या वर्गावरच हिशोब होई. मोठा मोती लहानाच्या प्रमाणात महाग नसून त्याच्या वर्गाने महाग असतो, हे निसर्गातल्या विरळपणाचे व्यापाऱ्यांनी केलेले अचूक निरीक्षण आहे. ते करायला त्यांना संख्याशास्त्र शिकावे लागले नाही.

जोड जमवणे त्याहून कठीण. एकसारख्या पाण्याचे, रंगाचे आणि गोलाईचे पन्नास-साठ दाणे जमवायला पूर्वी वर्षे जात, कधी दोन पिढ्या. म्हणून जुने सर बहुधा उतरत्या मापाचे असतात, मध्ये मोठा दाणा आणि दोन्हीकडे क्रमाने लहान. ती फॅशन होण्याआधी अपरिहार्यता होती. आखातात व्यापारी भोकांच्या पितळी चाळण्यांतून मोती वेगळे करत आणि वरच्या चाळणीत राहिलेल्यांना रास म्हणजे डोके, त्याखालच्यांना बत्न म्हणजे पोट अशी नावे देत. हंगाम जून ते सप्टेंबरचा. हंगाम संपला की मोती बहरीन, कुवेत, दुबईहून मुंबईला येत. मुंबादेवीजवळच्या मोती बाजारात ते पुन्हा निवडले जात, वेजले जात, रेशमात ओवून जुड्या बांधल्या जात आणि मग पॅरिस, लंडन, न्यू यॉर्कला जात. कित्येक आखाती व्यापाऱ्यांची बिऱ्हाडे मुंबईत होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही काही वर्षे आखातात रुपया चालत होता, त्यामागे या व्यापाराचा वाटा आहे.

या मोत्यांची दुसरी किंमत पाणबुड्यांनी मोजली. पायाला दगड बांधून, नाकाला चिमटा लावून, एका श्वासावर ते दिवसातून कितीतरी वेळा तळाशी जात. नाखुद्याकडून, म्हणजे गलबताच्या प्रमुखाकडून, हंगामाआधी उचल घ्यायची, हंगामात ती फिटायची नाही, आणि कर्ज पुढच्या वर्षी, कधी मुलाच्या डोक्यावर जायचे. त्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलामही होते. मोत्याच्या गुणांवर लिहिताना ही माणसे गाळली तर लेख अपुरा राहील.

तो व्यापार कोसळला तो एका दशकात. कोकिची मिकिमोतोने 1893 साली अर्धगोल कल्चर मोती काढला होता. पूर्ण गोल मोत्यांचे तंत्र त्याच्यासह इतर जपानी संशोधकांनी पुढच्या दोन दशकांत बसवले. 1920च्या दशकात हे मोती लंडन-पॅरिसच्या बाजारात आले, तेव्हा जवाहिऱ्यांत गोंधळ उडाला आणि वाद कोर्टातही गेले. त्यातच 1929ची मंदी आली. 1932 साली बहरीनमध्ये तेल सापडले आणि पाणबुड्यांना दुसरे काम मिळाले. किमतीची घसरण समजायला एक उदाहरण पुरे. 1917 साली कार्तिए या जवाहिऱ्याने न्यू यॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरची हवेली नैसर्गिक मोत्यांच्या दोन सरांच्या बदल्यात घेतली. सरांची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर मानली गेली होती. तेच मोती 1957 साली लिलावात सुमारे दीड लाख डॉलरला गेले. ती इमारत आजही कार्तिएकडे आहे.

हा उतार कायमचा ठरला नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत नैसर्गिक मोती पुन्हा चढले, कारण नवा माल जवळजवळ येत नाही; बाजारात फिरतात ते बहुतांशी जुन्या दागिन्यांतले मोती. यात मराठी राजघराण्याचा वाटा मोठा आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी सात पदरी मोत्यांचा हार जमवला होता. त्यातल्या मोत्यांचा म्हणून ओळखला जाणारा 68 दाण्यांचा दोन पदरी हार 2007 साली न्यू यॉर्कला सुमारे 71 लाख डॉलरला विकला गेला. खंडेरावांनीच 1865च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवून घेतला, तो मदिनेला अर्पण करण्यासाठी असे सांगतात. लाखो बारीक बसरा मोती त्यात शिवलेले आहेत. 2009 साली दोह्याच्या लिलावात त्याला सुमारे 55 लाख डॉलर मिळाले आणि आज तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पनामाचा ला पेरेग्रिना हा मोती, जो नट रिचर्ड बर्टनने नटी एलिझाबेथ टेलरसाठी 1969 साली 37 हजार डॉलरला घेतला होता, तो 2011 साली 1 कोटी 18 लाख डॉलरवर गेला. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचा मोत्याचा लोलक 2018 साली सुमारे 3 कोटी 60 लाखांवर. या आकड्यांनी सामान्य गिऱ्हाइकाने हुरळून जाऊ नये. शेवटच्या दोन किमतींत मोत्याच्या गुणापेक्षा तो कोणाच्या गळ्यात होता याचे मोल अधिक आहे. बडोद्याच्या हाराची किंमत मात्र मला गुणाचीही वाटते. इतक्या मोठ्या, एकमेकांशी इतक्या जुळलेल्या आखाती मोत्यांचा सर आज नव्याने जमवणे अशक्य आहे.

किंमत चढली की फसवणूकही वाढते, आणि इथे डोळ्यांचे काम संपते. मोती दाताला घासून पाहण्याची जुनी युक्ती फक्त काच-प्लॅस्टिक ओळखते. नैसर्गिक आणि कल्चर दोन्ही मोती दाताला सारखेच रेताड लागतात. खात्रीसाठी क्ष-किरण लागतात. छायाचित्रात मण्याची गोल सीमा दिसली तर मोती कल्चर. केंद्रापर्यंत वाढीच्या वलयरेषा दिसल्या तर नैसर्गिक असण्याकडे कल. मणी न घालता पिकवलेल्या मोत्यांनी, म्हणजे केशी आणि चिनी गोड्या पाण्यातल्या मोत्यांनी, हे काम अवघड केले. त्यांच्या आत मणी नसतो, असते ती प्रावाराच्या तुकड्याने ठेवलेली वेडीवाकडी पोकळी. ती ओळखण्यासाठी आता थरांचे त्रिमितीय सूक्ष्म सीटी स्कॅन करतात. गोड्या पाण्यातला मोती मँगनीजमुळे क्ष-किरणांखाली चमकतो, खाऱ्या पाण्यातला सहसा चमकत नाही. त्यामुळे चिनी मोती ‘बसरा’ म्हणून विकला तर तो तिथे उघडा पडतो. त्याही पुढे जाऊन कमी प्रतीचा नैसर्गिक मोतीच मणी म्हणून शिंपल्यात घालण्याचे प्रकार प्रयोगशाळांनी नोंदवले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये मोत्याची डीएनए तपासणी आणि कार्बन कालमापनही झाले आहे. मुंबईतही क्ष-किरण तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. बहरीनने तर कल्चर मोत्यांच्या व्यापारावर बंदीच ठेवली आहे.

आपल्या दुकानांतली भाषा मात्र अजून सैल आहे. ‘रिअल मोती’, ‘असली मोती’ हे शब्द चिनी कल्चर मोत्यांनाही लावले जातात आणि ते खोटे आहे असे दुकानदाराला वाटत नाही, कारण त्याच्या मते ते प्लॅस्टिकचे नाहीत. ‘बसरा’ हा शब्द तर छापील लेबलांवर सर्रास दिसतो. पावतीवर ‘नैसर्गिक, खाऱ्या पाण्यातला’ असे स्पष्ट लिहून मागावे. लिहायला दुकानदार कचरला तर उत्तर मिळाले.

मराठी दागिन्यांचा विचार इथे मुद्दाम करायला हवा, कारण त्यांचे रूपच लहान आखाती मोत्यातून घडले आहे असे मला वाटते. नथीतली सोन्याच्या तारेत गुंफलेली मोत्यांची वळणे, सात मोत्यांच्या कुड्या, चिंचपेटीच्या चौकटीतल्या बारीक रांगा, तन्मण्याचे पदर, बुगडीचे टपोरे टोक. यातल्या एकाही दागिन्याला मोठा मोती लागत नाही. लागतात ते तीन-चार मिलिमीटरचे, एकसारख्या पाण्याचे दाणे. मोती लहान असला की जोड जमते, आणि जोड जमली की सगळा दागिना एकाच तेजाने उजळतो. आज चिंचपेटी मोठ्या, लांबट, चिनी मोत्यांची करतात. ती स्वस्त असते, घालण्याच्या हौसेला पुरते, त्यात गैर काही नाही. पण तिची घडण जड दिसते, कारण आराखडा एका मोत्याचा आणि दाणा दुसऱ्याच मोत्याचा.

कल्चर मोती बाजारात आले ते 1920च्या दशकात. म्हणजे त्याआधीचा मोत्याचा दागिना घरात असेल, तर त्यातले मोती नैसर्गिक असण्याची शक्यता खूप आहे, कारण तेव्हा दुसरा पर्याय बाजारात जवळजवळ नव्हताच. ते उत्तम असतीलच असे नाही. घाम, अत्तर, हेअर स्प्रे यांनी मोत्याचे पृष्ठ झिजते. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते, आणि नथीच्या मोत्यांनी शंभर वर्षे कुंकू, पावडर, घाम सोसलेला असतो. लॉकरमध्ये वर्षानुवर्षे कोरडे पडलेले मोतीही तडकतात, कारण त्यांतले सेंद्रिय द्रव्य सुकते. ओलसर मऊ फडक्याने पुसणे आणि अधूनमधून अंगावर घालणे एवढीच त्यांची देखभाल. अल्ट्रासोनिक यंत्रात ते कधीही देऊ नयेत.

आणि खरा धोका घरातल्या झिजेपेक्षा पेढीवर आहे. जुने सोने मोडताना मोत्यांचे वजन वजा होते आणि मोत्यांची किंमत शून्य धरली जाते. पटवेकऱ्याकडे गाठवायला दिलेल्या दागिन्यात ‘तुटलेले बदलले’ म्हणून नवे मोती येतात आणि जुने कुठे गेले हे कोणी विचारत नाही. तेव्हा दागिना देण्याआधी मोती मोजा, फोटो काढा, शक्य असेल तर गाठवणाऱ्याच्या समोर बसा आणि निघालेला प्रत्येक दाणा, अगदी फुटलेलासुद्धा, परत मागा. रेशमाचा बारीक दोरा वापरायला सांगा, भोक मोठे करू देऊ नका, डिंकाऐवजी रसायनाचा गोंद चालवून घेऊ नका. दागिना मोडण्याचे ठरलेच असेल तर मोती आधी उतरवून घ्या, एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि त्यानंतरच सोन्याचा भाव विचारा.